हर्षालीचे एकवीस खड्डे

"पंधरा दिवसांत एकवीस घरं," हर्षालीने नारायणगावच्या प्रशिक्षणात सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगून टाकलं, आणि तिथंच सगळं बिघडलं!

प्रशिक्षण होतं शाश्वत विकासाचं आणि लोकसहभागाचं. तरुणांनी गावाचं नेतृत्व कसं करावं, हे तिथं तीन दिवस पोह्यांसकट शिकवलं. बारा जणांतून एकाची वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी निवड होणार होती, आणि ती आपलीच व्हावी म्हणून हर्षालीचा जीव टांगणीला लागला होता. अवसरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन ती वर्षभर घरी टोमॅटोचे क्रेट भरत होती. पंधरा दिवसांनी, शनिवारी, प्रशिक्षण देणाऱ्या जागृती मॅडम गावात येतील, तेव्हा कबूल केलेल्या प्रत्येक घरामागे ओल्या कचऱ्याचा खड्डा हवा, आणि लोकांनी तो आपणहून वापरायला हवा, अशी अट. बाकीच्यांनी पाच-सात घरं सांगितली. हर्षालीला एवढं कमी सांगणं कमीपणाचं वाटलं.

मॅडमचा पहिला धडा होता, आधी बोलू नका, ऐका. म्हणून हर्षाली वही घेऊन बोरी बुद्रुकच्या आपल्या वॉर्डात फिरली. दारोदार हात जोडले, म्हाताऱ्यांच्या पाया पडली, मिळेल तिथं चहा प्याली, आणि तुमच्या अडचणी काय ते सांगा, म्हणाली.

आता ग्रामपंचायतीची निवडणूक आलेली तीन महिन्यांवर, त्यात वॉर्ड महिलांसाठी राखीव. अशा दिवसांत हात जोडून अडचणी विचारत कोण फिरतं, हे बोरीत शेंबडं पोरही सांगेल. सहाव्या घरात ठमाबाईंनी चहाची बशी पुढं सरकवत विचारलं, "निशाणी कंची मिळाली?"

"आजी, मी निवडणुकीला उभी नाहीये."

"पयल्यांदा समदी असंच म्हणत्यात," ठमाबाई म्हणाल्या, आणि मोरीचं पाणी रस्त्यावर येतं तेवढं वहीत लिहून घ्यायला लावलं.

हर्षाली जितकं नाही म्हणत गेली, तितकी तिची उमेदवारी पक्की होत गेली. तीन दिवसांत चाळीस घरांनी मत कबूल केलं, खड्डा एकानेही नाही. वडिलांनी समजवावं म्हटलं, तर संपतरावांना टपरीवर लोक उठून खुर्ची देऊ लागलेले. पहिल्या दिवशी ते 'छे छे' म्हणाले, दुसऱ्या दिवशी 'बघू' म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टोमॅटो तोडायला गेले!

चौथ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन बाळासाहेब आले. वॉर्डाच्या सदस्य त्यांच्या पत्नी प्रतिभाताई. सह्या ताई करायच्या, बाकीचं सगळं बाळासाहेब.

"पोरी, तुला नेमकं काय पायजे ते एकदा बोल."

"मला फक्त खड्डे हवेत, काका. एकवीस."

तिने ओल्या कचऱ्याचं सगळं समजावून सांगितलं. बाळासाहेबांना एवढंच कळलं, की ही पोरगी खड्ड्यांच्या मुद्द्यावर लढणार. मग तो मुद्दा आधी आपण पळवायला नको? दुसऱ्या दिवशी उजाडताच वॉर्डात जेसीबी हजर!

हर्षालीने हातभर खड्डा सांगितला होता. जेसीबीला एवढं बारीक काम जमतंय कुठं? म्हैस आरामात बसेल असे खड्डे निघाले. शेजारणीला मिळाला मग मला का नाही, असं करत एकविसाचे चौतीस झाले. प्रत्येकाशेजारी हात जोडलेल्या प्रतिभाताईंचा फ्लेक्स लागला. कचरा कमी करायच्या कामात चौतीस फ्लेक्सची भर पडली.

पण खड्डा परसात आला म्हटल्यावर तो रिकामा कसा ठेवायचा? बायका देठं, साली, चहाचा चोथा टाकू लागल्या. हर्षालीने रोज जाऊन प्लास्टिक वेगळं काढायला शिकवलं. कोणाचा खड्डा जास्त भरला, याची चुरस लागली. ठमाबाई तर शेजारच्या घरातली केळ्यांच्या साली उचलून आणायच्या.

शुक्रवारी मात्र हर्षालीचं मन तिला खाऊ लागलं. नसलेल्या उमेदवारीवर मिळालेले खड्डे मॅडमना कुठल्या तोंडाने दाखवायचे? ती तडक बाळासाहेबांकडे गेली आणि आपण निवडणूक लढवणार नाही, असं सही करून लिहून दिलं. बाळासाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांना आठवलं, खड्ड्यांत आतापर्यंत दोन शेरडं पडलीत. उद्या माणूस पडलं तर? आता समोर कोणी उभंच नाही, तर ही नसती ब्याद हवी कशाला?

शनिवारी सकाळी नऊला जेसीबी परत आला, खड्डे बुजवायला. मॅडम अकराला येणार होत्या.

हर्षाली धावत ठमाबाईंच्या परसात पोचली. ठमाबाई पदर खोचून खड्ड्यात उतरून बसल्या होत्या.

"बुजव. माझ्यासकट बुजव," त्या ड्रायव्हरला सांगत होत्या. "कुंपान मी घालते. पर ह्ये खत माझं हाय, बाळ्याचं न्हाई."

बघता बघता वॉर्डभर बातमी गेली आणि बायका आपापल्या खड्ड्यात उतरल्या. बाळासाहेब वैतागून म्हणाले, सुरुवात माझ्याच घरापासून करा. घरी गेले, तर खड्ड्यात प्रतिभाताई!

"सही माझीच चालती ना?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मग खड्डा ऱ्हाणार."

जेसीबी बंद झाला.

मॅडम आल्या तेव्हा चौतीस खड्ड्यांत चौतीस बायका होत्या. हर्षालीने काही न लपवता सगळं सांगितलं आणि निवड गेली असं धरून मान खाली घातली. मॅडमच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं.

"अगं, लोकांनी आपणहून म्हणजे आणखी काय असतं?" त्या म्हणाल्या. "तुझी निवड पक्की."

हर्षालीला रडूच आलं. बाळासाहेबांचेच पेढे तिने सगळ्यांना वाटले. ठमाबाईंनी दोन घेतले.

"जा, खुशाल वरीसभर शिक," त्या म्हणाल्या. "पर जायच्या आदी एकदा फारम भर. मागं घेतलास तरी चालंल. माझं मोरीचं पानी ऱ्हायलंय."

हर्षालीने हसत वडिलांकडे पाहिलं. संपतरावांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातून फॉर्म आधीच डोकावत होता.