रोहूची साक्ष

सक्करदऱ्यातल्या त्या गल्लीत त्या काळी एकच फ्रिज होता आणि तो गिरिधर मास्तरांचा होता, हेच त्यांचं दुर्दैव. कॉलेजचा फ्रिज ऐन मे महिन्यात बंद पडला, म्हणून रोहू माशाचा तुकडा त्यांनी कागदाच्या पुडक्यात, वर शाईनं तारीख घालून, घरी आणला आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवला. मासा गोठवून ठेवला की त्याच्या मांसाचे तंतू कसे सुटत जातात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचं आणि त्यावर प्रबंध लिहून डॉक्टर व्हायचं, असा बेत होता. सगळ्यात जास्त दिवस गोठवलेला हा एकच तुकडा तपासायचा राहिला होता. सगळं घोडं त्यावरच अडलेलं.

पण गल्लीला त्याचं काय?

"प्रेमलता, वाटीभर बर्फ दे ना वं!" सकाळपासून मास्तरांच्या बायकोपाशी हीच रांग. कप्पा सदा उघडा, पाणी टपटप. अखेर मास्तर वैतागून दारात ओरडले, "फ्रिजात मासा हाय!"

गल्ली माळकऱ्यांची. क्षणात सामसूम झाली.

संध्याकाळी मात्र शेजारचे मनोहरराव मागच्या दारानं आले. गळ्यात तुळशीची माळ, हातात कागदाचं पुडकं.

"मास्तर, आता तुमचा फ्रिज कोणी उघडत नाही. ताजा रोहू हाय. उद्या आमची वच्छला सप्ताहाले गेली का नेतो. तिले बोलू नका जी."

मास्तर भिडस्त; त्यांनी ते पुडकं कप्प्यात आपल्या पुडक्याशेजारी ठेवलं. सकाळी मनोहरराव आपलं पुडकं घेऊन गेले, मास्तर आपलं घेऊन कॉलेजात गेले.

सूक्ष्मदर्शकात पाहतात तो काय! तंतू एकमेकांना बिलगून, जणू मासा कालच तळ्यातून काढलेला. इतके महिने लिहिलेला प्रबंध चुलीत घालायची पाळी. मास्तर रडवेले होऊन घरी परतले, तर अंगणात मनोहरराव फणफणत उभे.

"कसला जी तुमचा फ्रिज! एका रातीत माशाचा सत्यानास! कोरडा ठाक, नुसते धागे-धागे. सुतळी खाऊन राहिलो असं वाटलं!"

मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. पुडक्यावरची शाई कप्प्याच्या पाण्यानं कधीच धुऊन गेली होती. त्यांचा निष्कर्ष शेजाऱ्याच्या पोटात होता. त्यांनी मनोहररावांचे हातच धरले.

"हेच तं मले सिद्ध करायचं होतं! उद्या आमचे गाईड येऊन राहिले. त्याइले एवढंच सांगा!"

तेवढ्यात वच्छलाबाई सप्ताहाहून आल्या. मनोहररावांनी हात सोडवून घेतले.

"कायचा मासा, मास्तर?" ते खड्या आवाजात म्हणाले. "आमच्या घरी तं कांदाबी शिजत नाही!"

वच्छलाबाईंनी मास्तरांकडे कळवळून पाहिलं.

"उन्हाची लू लागली वाटते बिचाऱ्याले," त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "कालपासून मासा-मासाच करून राहिले."