उपरण्याखालची रसिकता

साहित्याची खरी कदर सुबत्तेतच होते. अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस गोड लागू लागला, आणि अमरावतीत रसिकांची संख्या एका हंगामात तिप्पट झाली. (मोजणी रसिकांनीच केली.)

त्या सुगीत मोरोपंत मास्तर शाळेच्या ओसरीवर शिकवत. आत कापूस होता, आणि कापसाला ऊनपाऊस सोसत नाही. मास्तरांच्या महाकाव्याचे अकरा सर्ग झाले होते, बारावा राहिला होता. अकोल्याची हेडमास्तरकी मिळाली तर दुपार मोकळी सापडेल आणि तो पुरा होईल, एवढीच त्यांची आस.

नेमणूक शाळा-कमिटीच्या हाती. सभासद पाच, पाचही कापसाचे व्यापारी. कारण मालाची पारख ज्याला, विद्येचीही त्यालाच. अध्यक्ष खुशालरावांनी पोथी घेतली आणि मधोमध बोटे खुपसून एक श्लोक उपसला.

"वरचा माल तं सारेच चांगला ठेवतेत, मास्तर." श्लोक त्यांनी दोन्हीकडून ताणून पाहिला. "धागा लांब हाये."

मोरोपंतांचे डोळे भरून आले. अकरा सर्गांत मिळालेला हा पहिला अभिप्राय.

"आता हेडमास्तरकीच्या बदल्यात दर हप्त्याले कमिटीच्या गुणगानाच्या कविता किती, ते खाली बोलू," म्हणत खुशालरावांनी दोघांच्या हातांवर उपरणे टाकले. बाजारात सौदा तोंडाने होत नाही. उपरण्याखाली जितकी बोटे धरावी तितका आकडा, पुरा पंजा म्हणजे पाच, आणि दाबलेला हात फिरवता येत नाही. खुशालरावांनी दोन बोटे धरली. मोरोपंत अजून लांब धाग्यातच गुंतलेले; त्यांना वाटले, रसिक गहिवरला. त्यांनी कृतज्ञतेने अख्खा पंजा दाबला.

"पाच? आमी तं दोनच मांगत होतो. मोठ्या दिलाचे निंगाले मास्तर."

घरी सुभद्राबाईंनी सगळे शांतपणे ऐकले. "अहो, त्यांचा हात दाबलात कशाला?"

"त्यांना काव्य कळलं होतं."

"बरं. मग बाराव्या सर्गाला आणलेले कागद इकडे द्या. गुणगानाला लागतील."

हेडमास्तरकी मिळाली. तीन वर्षांत सातशे ऐंशी स्तुतिकाव्ये झाली. (दिवाळीची सुटी धरलेली नाही.) मग लढाई थांबली, भाव कोसळला, कमिटी पांगली. मोरोपंतांनी मोकळ्या दुपारी बारावा सर्ग काढला, तर पहिल्याच ओळीत नायकाच्या जागी खुशालराव येऊन बसले. उठवले तरी उठेनात.

उपरणे आता गेले, रीत टिकून आहे. म्हणून ही कथा फार आवडली असे सांगायला जे येतील, त्यांनी काखेतले स्वतःचे पुस्तक आधी खाली ठेवावे, आणि दोन्ही हात दिसतील असे धरावेत.