समाधानी ग्राहक क्रमांक एक

शिंदे की छावनीत राहणाऱ्या मानसिंगराव इंगळ्यांनी २०२१ च्या मार्चमध्ये विजेवर चालणारी मोटार घेतली. घटना तशी साधी होती. पुढे सरकारी कागदांत तिचं जे झालं ते साधं नव्हतं.

मानसिंगराव आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शाखेचे निदेशक होते. एकतीस वर्षं त्यांनी मुलांना डिझेल इंजिन उघडायला आणि पुन्हा जोडायला शिकवलं. त्या काळात त्यांचे शर्ट, रुमाल, इतकंच काय, एकदा गौरीच्या नैवेद्याची पुरणपोळीसुद्धा डिझेलच्या वासाची निघाली, असं त्यांच्या पत्नी मंदाताई सांगत. निवृत्तीच्या दिवशी घरी आलेला हार खुंटीला लावताना मंदाताई म्हणाल्या, "आता या घरात डिझेल नको." मानसिंगरावांनी महिनाभरात वीजगाडी आणून दारात उभी केली.

गाडी चांगली होती, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढच्या कशातही तिचा दोष नाही. पाच वर्षांत ती एकदाही बंद पडली नाही. घरच्या गिझरच्या सॉकेटमधून काढलेली वायर खिडकीतून खाली सोडली की सकाळपर्यंत बॅटरी भरलेली असे. महाराज बाड्यावर जावं, पाटणकर बाजारातून भाजी आणावी, गुरुवारी दत्ताच्या देवळात जावं, एवढाच तिचा संसार. आवाज नसल्यामुळे गल्लीतल्या गाई तिला गाडी मानत नसत आणि हटत नसत, एवढी एकच तक्रार होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाशी रोडवर, शहराच्या तोंडाशी, नगर सुविधा प्राधिकरणाने सार्वजनिक चार्जिंग स्टेशन उभारलं. हिरवी शेड, दोन यंत्रं, बसायला बाक. उद्घाटनाची तारीख ठरली, मांडव पडला, आणि आदल्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात आलं की उद्घाटनाला वीजगाडी लागेल. प्राधिकरणाच्या ताफ्यात सतरा गाड्या होत्या आणि सतराही डिझेलवर चालत होत्या. शोधाशोध झाली आणि सहायक अभियंता भदौरिया साहेब मानसिंगरावांच्या दारात येऊन उभे राहिले.

मानसिंगराव गाडी घेऊन गेले. त्यांना मंचावर खुर्ची मिळाली. इंगळ्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, घोड्यावर बसत. नंतरच्या पिढ्या स्टुलावर बसल्या. मुख्य पाहुण्यांपासून चौथी खुर्ची, पाठीला पांढरा कपडा घातलेली, ही त्या घराण्याला बऱ्याच काळाने मिळालेली बैठक होती. मानसिंगराव तिच्यावर ताठ बसले.

फीत कापून झाल्यावर यंत्राची गन, म्हणजे चार्जिंगचा प्लग, गाडीला लावायची होती. मानसिंगरावांनी ती लावली. काहीच झालं नाही. एकतीस वर्षांच्या सवयीने ते यंत्राच्या मागे जाऊन बघून आले. यंत्राची केबल जमिनीत वीतभर जात होती आणि तिथेच संपत होती.

भदौरिया साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. "सर, कनेक्शन की फाइल चल रही है," ते अत्यंत आदराने म्हणाले. "आप बस गन लगाके मुस्कुराइए."

मानसिंगराव हसले. फोटो निघाला. मग रजिस्टर पुढे आलं. त्यात दोन रकाने होते, गाडी आली तेव्हाची बॅटरी आणि गेली तेव्हाची. गाडी आली तेव्हा ब्याऐंशी टक्के होती. मांडवात दीड तास एसी चालू ठेवून मंदाताई आत बसल्यामुळे निघताना पंचाहत्तर झाली होती. कारकुनाने आकडे पाहिले, चार्ज झालेली गाडी कमी कशी होईल असा विचार केला आणि आधी पंचाहत्तर व नंतर ब्याऐंशी असं लिहिलं. मानसिंगरावांनी खाली सही केली. एवढ्या शालीनतेने पुढे केलेल्या रजिस्टरला नाही म्हणणं त्यांना असभ्यपणाचं वाटलं.

यानंतर बोलावणी येत राहिली. शेडला नाव दिलं तेव्हा एक समारंभ झाला आणि नाव बदललं तेव्हा दुसरा. सीसीटीव्ही लागले, त्याचं लोकार्पण झालं. पर्यावरण दिन, ऊर्जा संवर्धन सप्ताह, भोपाळहून आलेलं तपासणी पथक, ते पथक नीट तपासतं की नाही हे तपासायला आलेलं दुसरं पथक. दर वेळी मानसिंगराव घरून बॅटरी भरून निघत, बिनविजेच्या यंत्राला गाडी लावत, खुर्चीवर बसत आणि सही करून परत येत. पाच वर्षांत अशा एकेचाळीस सह्या झाल्या. गाडी जेवढी चालली त्यातला बराच भाग ती चार्जिंग स्टेशनला जाण्यात चालली. घरी अकरा शाली जमल्या. मंदाताईंनी त्यांतल्या दोन इस्त्रीच्या टेबलावर घातल्या आणि बाकीच्यांबद्दल विचारलं की हल्ली लोक शाली परत घेतात का.

पहिल्याच वर्षअखेरीला आकडेवारी निघाली तेव्हा प्राधिकरणात आनंद पसरला. गाड्या चार्ज झाल्याची नोंद होती आणि वीज मात्र एकही युनिट खर्च झाली नव्हती. संपूर्ण विभागात असं दुसरं स्टेशन नव्हतं. अहवालात 'ऊर्जा बचत शंभर टक्के' असं नमूद झालं आणि स्टेशनला ऊर्जा संवर्धनाचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्याबरोबर कनेक्शनची फाइलही थांबली. जे स्टेशन विजेशिवाय एवढं उत्तम चालतं त्याला वीज देऊन त्याची कामगिरी खालावायची कशाला, असा शेरा तिच्यावर कोणीतरी मारला, आणि तो तर्काला धरूनच होता.

पाचव्या वर्षी स्टेशनच्या डोक्यावर मोठं होर्डिंग लागलं. त्यावर गन हातात घेतलेले मानसिंगराव आणि शब्द: 'पाँच वर्ष, पूर्ण संतुष्टि. ग्राहक क्रमांक एक.'

मंदाताईंनी ते येता-जाता पाहिलं. "आपल्या लग्नाच्या फोटोत तुम्ही एवढे खूश नाही दिसत," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अहो, कोणी खरं समजेल ते."

कोणी खरं समजलं. ती गरिमा होती, समोरच्या घरातल्या पांडुरंगरावांची मुलगी. पांडुरंगराव आणि मानसिंगराव चाळीस वर्षांचे शेजारी, रोज सकाळी एकाच वर्तमानपत्राचे दोन भाग करून वाचणारे. गरिमा फिजिओथेरपिस्ट होती, हिशेबी आणि सावध. तिने होर्डिंग वाचलं, काकांना ओळखलं, आणि काका आहेत म्हणजे शंका नको, असं म्हणून वीजगाडी घेतली. गाडीची पूजा करायला मानसिंगरावांनाच बोलावलं. नारळ वाढवताना आपण काहीतरी बोलायला हवं असं त्यांना वाटलं होतं. पण पेढे आले आणि ते राहून गेलं.

मे महिन्यात गरिमा वडिलांना घेऊन झाशीला एका लग्नाला गेली. परत येताना बॅटरी कमी झाली, पण शहराच्या तोंडाशी स्टेशन आहे म्हणून तिने काळजी केली नाही. भर दुपारी, पंचेचाळीस डिग्रीत, दोन टक्क्यांवर गाडी शेडमध्ये पोचली. तिने गन लावली, काढली, पुन्हा लावली. दुसरं यंत्र पाहिलं. मागे एसी लावून बसलेल्या पांडुरंगरावांनी उरलेले दोन टक्के संपवले आणि गाडी निपचित पडली. तिने मानसिंगरावांना फोन केला.

"काका, इथे तर लाइटच नाहीये. तुम्ही कोणती मशीन लावता?"

मानसिंगरावांनी फोन ठेवला. ते गाडी काढून निघाले. पोचले तेव्हा पांडुरंगराव बाकावर आडवे होते, चेहरा लालभडक, ओला रुमाल डोक्यावर सुकून कडक झालेला. गरिमा त्यांच्या तळपायांना पाणी लावत होती. दोघांनी मिळून त्यांना मानसिंगरावांच्या गाडीत घातलं आणि थेट दवाखान्यात नेलं. सलाइनच्या तीन बाटल्या लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं की अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं.

शुद्धीवर आल्यावर पांडुरंगरावांनी मानसिंगरावांकडे पाहिलं. "खालून फोटो चांगला दिसतो तुमचा," ते म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतंत्र वर्तमानपत्र लावलं.

गरिमाने तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली. आता या पोर्टलचा नियम असा, की तक्रार सुटली की नाही याला महत्त्व नसतं, ती संतुष्टीने बंद झाली की नाही याला असतं. तक्रारदाराच्या मोबाइलवर चार आकडे येतात. ते त्याने सांगितले की तो संतुष्ट. तिसऱ्या दिवसापासून गरिमाला ते चार आकडे विचारणारे फोन सुरू झाले, दिवसाला दहा-बारा. रुग्णाचा खांदा एका हातात धरून ती दुसऱ्या हाताने फोन कापायची. यंत्रात वीज नाही, असं ती सांगे. तिकडून उत्तर येई, वो तो देख लेंगे मॅडम, पहले आप संतुष्ट हो जाइए.

मग भदौरिया साहेब मानसिंगरावांकडे आले. त्यांनी अडचण मोकळेपणाने मांडली. रजिस्टरप्रमाणे गाडी एकेचाळीस वेळा चार्ज झाली आहे. आता स्टेशनला वीजच नव्हती असं ठरलं, तर ही वीज कुठून आली असा प्रश्न निघेल, आणि ज्याची सही त्याला तो विचारला जाईल. तेव्हा काकांनी मुलीला समजवावं. पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात खुर्ची तिसरी असेल, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

ते गेल्यावर मंदाताईंनी चहाचे कप उचलले. मग उरलेल्या शाली आणून त्यांच्यासमोर ठेवल्या. मानसिंगरावांना बोललेलं परवडलं असतं.

गरिमाच्या तक्रारीवर प्राधिकरणात सुनावणी लागली. त्या दिवशी मानसिंगराव स्वच्छ शर्ट घालून गेले आणि उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. केबल वीतभर आहे. एक युनिट वीज कधी मिळाली नाही. आकडे उलटे लिहिले गेले, सह्या माझ्या आहेत, मी खोटं लिहून दिलं कारण मला खुर्ची आवडत होती. गरिमा मागच्या बाकावर होती, तिने मान खाली घातली.

सुनावणी अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. साक्षीदाराने स्वतः एकेचाळीस वेळा लेखी खोटं बोलल्याचं मान्य केलं आहे ना, असं विचारलं. मानसिंगराव हो म्हणाले. तेव्हा अशा सवयीच्या खोटारड्या माणसाच्या बेचाळिसाव्या, आणि तेही तोंडी, निवेदनावर विश्वास ठेवता येत नाही, असा निर्णय झाला. साक्ष फेटाळली गेली. साक्ष खोटी म्हणजे स्टेशन चालू. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावं, अशी विनंती मानसिंगरावांनी केली. जागेची पाहणी दोन पथकांनी केली असून दोन्ही अहवालांवर उपस्थित ग्राहक म्हणून आपलीच सही आहे, असं त्यांना दाखवण्यात आलं.

तक्रारीच्या अठराव्या दिवशी गरिमाने चार आकडे सांगून टाकले. एका म्हाताऱ्या बाईंच्या गुडघ्याला मालिश चालू होती आणि फोन थांबत नव्हता. तक्रार संतुष्टीने बंद झाली. संध्याकाळी मानसिंगराव समोरच्या घरी गेले. पांडुरंगरावांनी दार उघडलं, पण वर्तमानपत्राची घडी मोडून अर्धा भाग पुढे केला नाही. मानसिंगराव पंख्याखाली बसून परत आले.

सुनावणीचा निकाल प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तीस दिवसांसाठी ठेवण्यात आला. नागरिकांनी वाचावा आणि आक्षेप असल्यास नोंदवावा, असं आवाहन होतं. मानसिंगरावांनी तो उघडला. आक्षेपाच्या चौकटीत 'यंत्रात वीज नाही' एवढं लिहिलं. त्यासोबत वीज नसल्याचा स्वसाक्षांकित पुरावा जोडायचा होता. नसलेल्या विजेचा फोटो कसा काढावा हे त्यांना सुचेना. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि शेवटी कोपऱ्यातली फुली दाबून पान बंद केलं. पान मिटता मिटता त्याच्या तळाशी असलेला आकडा एकाने वाढला. आकड्याशेजारी लिहिलं होतं: 'वाचून, आक्षेप न घेता गेलेले समाधानी नागरिक.'

महिनाअखेर आकडा चार हजार दोनशे तेरा झाला आणि तेवढ्या लोकांच्या समाधानाच्या जोरावर दुसरं स्टेशन मंजूर झालं. त्या चार हजारांना सगळं कळलं होतं. त्यांनी मान हलवली होती, थोडं हसलेही होते, काय ही सिस्टीम असं शेजारच्याला म्हणाले होते आणि पान बंद केलं होतं. तुम्हीही आता इथवर वाचलंच आहे. बंद करायला हरकत नाही, मोजणी आपोआप होते.