पट्टीची दुपारची विश्रांती

पॉलिमर म्हणजे काय, हे मी कोणालाही पाच मिनिटांत समजावून देतो. अगदी आमच्या हिलासुद्धा! अहो, सोपं आहे. शंभर मुलं हात धरून उभी करा, झाली साखळी. अशा लाखो साखळ्या एकमेकींत गुंतल्या की झालं प्लास्टिक! या गुंत्याची रचना शोधण्यात माझी छत्तीस वर्षं गेली. डोक्यावरचा गुंता मात्र कधीच आपोआप सुटला!

माझं नाव झालं ते एका पट्टीमुळे. प्रयोगशाळेत टांगलेली प्लास्टिकची पट्टी, तिला खाली वजन, वजनाला लोखंडी आकडा. पट्टी किती लांबते, त्याची रेघ यंत्र आपोआप कागदावर काढायचं. अकरा वर्षं! रोज सकाळी दहाला पट्टी जरा लांबायची, दुपारी एकला पुन्हा आखडायची. रविवारी मात्र ढिम्म!

मी सिद्धांत मांडला: सकाळी इमारत गजबजते, हवा तापते, साखळ्या सैलावतात; एकला सगळे जेवायला पांगले की पुन्हा आवळतात. चार वर्षांपूर्वी पट्टी एकाएकी जास्तच लांबू लागली. त्यावर वेगळा निबंध लिहिला, 'रचनेतील आकस्मिक स्थित्यंतर'. त्याला पारितोषिक जाहीर झालं! शनिवारी भाषण.

आणि त्याच आठवड्यात सोमवारी पट्टीने संप पुकारला. रेघ सरळ! मंगळवारीही तेच. एरवी दहा ते एक माझे वर्ग असतात. बुधवारी रजा टाकून पट्टीसमोर ठाण मांडलं. खिडक्या लावल्या, हीटर आणला. शेजारचे प्राध्यापक "भट्टी लावलीत का?" म्हणून भांडून गेले. घरी ही म्हणाली, "जेवत का नाही?"

"पट्टी हलत नाही!"

"मग तुम्ही तरी हला. पान वाढलंय!"

गुरुवारी हरलो आणि वर्गावर गेलो. परत येऊन बघतो तर रेघ झक्क वर! शुक्रवारी नातीला शाळेची सुट्टी होती. वर्ग बुडवून तिला मिरवत दहाच्या सुमारास प्रयोगशाळेत नेलं.

"आजोबा, वजनाला पिशवी का अडकवलीय?"

पिशवी? आकड्याला चांगली गलेलठ्ठ पिशवी डुलत होती! आमचा शिपाई धावत आला. त्याला सगळे दादा म्हणतात. तीन दिवसांच्या रजेवरून तो कालच परतला होता.

"सर, माझा डबा. खाली ठेवला की मुंग्या लागतात."

"कधीपासून अडकवतोस?"

"अकरा वर्षं झाली की! एकला जेवायला काढतो."

"आणि चार वर्षांपूर्वी काय झालं रे?" मी विचारलं.

दादा लाजला. "लग्न झालं, सर. एका कप्प्याचा डबा तीन कप्प्यांचा झाला."

शनिवारी व्यासपीठावर सगळं खरं सांगितलं आणि पारितोषिक परत केलं. अध्यक्ष डोक्याला हात लावून म्हणाले, "मग अकरा वर्षांत सिद्ध काय झालं?"

"दादाची बायको त्याला पोटभर खायला घालते," मी म्हणालो. "पुरावा ग्रॅमपर्यंत अचूक आहे!"

आता भिंतीत दादासाठी वेगळी खुंटी ठोकून दिली आहे. पट्टी दिवसभर सरळ असते. पण काल दादाने उपास केला, हे मला कळलंच नाही हो!