चार मिलिमीटरची बातमी

"चोर पकडला की नाही?" मुख्य उपसंपादकांनी विचारले.

"पकडला," नवी मुलगी म्हणाली.

"कुठे पकडला? मी दोन पानं वाचली. कुत्रं किती वाजता भुंकलं ते आहे. खिडकीचे गज किती जाड होते तेही आहे. चोर कुठे आहे?"

"शेवटच्या ओळीत."

मुख्य उपसंपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कचेरीत सगळे त्यांना भाऊ म्हणत. "बाई, चोराला शेवटच्या ओळीपर्यंत पळू देऊ नये. पहिल्या ओळीतच धरावा. मग बाकीचं रामायण."

"पण भाऊ, आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. निष्कर्ष आधी लिहिला तर लोक म्हणतील, हिने आधीच ठरवून टाकलं होतं."

"लोक असलं काही म्हणत नाहीत. लोक पहिला परिच्छेद वाचतात आणि चहा गाळायला उठतात. आणि दुसरं, जागा कमी पडली की खाली छापखान्यात बातमी शेवटून कापतात. कापणारा वाचत बसत नाही. कळलं का, प्रयोगशाळा?"

त्या दिवसापासून तिचे नाव प्रयोगशाळा पडले. नाव चुकीचे नव्हते. भौतिकशास्त्राची पदवी घेईपर्यंत तिने प्रयोगवह्यांचे अख्खे कपाट भरले होते: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि सगळ्यात शेवटी निष्कर्ष. घरी बाबांनी तिच्यासाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा जवळपास पक्की करून ठेवली होती. ती वर्तमानपत्रात जाते म्हणाली, तेव्हा बापलेकीत एक करार झाला. महिनाभर उमेदवारी करायची. पेपरवाल्यांनी ठेवून घेतले तर ठीक, नाहीतर त्यानंतरच्या सोमवारी मुकाट्याने कॉलेजात हजर व्हायचे.

ते दिवस शिशाच्या खिळ्यांचे होते. कचेरीच्या तळमजल्यावर जुळारी खिळ्यांच्या लाकडी खणांपुढे उभे राहून एकेक अक्षर उचलत आणि पट्टीत बसवत. अक्षरे उलटी असत, पण जुळारी ती सुलटी असल्यासारखी वाचत. खालचे फोरमन सतत हातात चिमटा घेऊन फिरत, म्हणून त्यांचे नावही चिमटा. आपण लिहिलेल्या वाक्याला इथे वजन येते, ते बोटाला गार लागते, याचे तिला फार अप्रूप होते. एकदा तिने चिमटाकाकांना बारा ओळींचे वजन किती भरते ते विचारले. काकांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि तिच्यासाठी चहा सांगितला. त्यानंतर काही काम नसले तरी ती खाली जाऊन उभी राही. शाईचा वास केसांना लागे. घरी आत्या म्हणे, "तेल कुठलं लावतेस गं? इंजिनाचं?"

तीन आठवड्यांत ती शिकली. आग लागली तर पहिल्या ओळीत लागू लागली, सभा संपल्या तर पहिल्या ओळीत संपू लागल्या. भाऊ 'हं' म्हणू लागले. भाऊंचे 'हं' म्हणजे इतरांचे सुवर्णपदक.

महिन्यातला शेवटचा शुक्रवार उजाडला आणि भाऊंची दाढ सुजली. त्याच दिवशी नदीवरच्या पादचारी पुलाची भारचाचणी होती. पूल जुना झाला होता, त्यामुळे इंजिनिअर साहेबांनी त्यावर वाळूची शंभर पोती रचून तो किती वाकतो ते मोजायचे ठरवले होते. भाऊंनी गालावर फडके दाबून तिला पाठवले. "आल्यावर लिही आणि थेट खाली दे," ते कसेबसे म्हणाले. "मी दाढ काढायला चाललो. आता तुझं तू बघ."

एवढा विश्वास तिच्यावर त्या कचेरीत कोणीच टाकला नव्हता. तिनेही तो वाया जाऊ द्यायचा नाही असे ठरवले. पुलाशी दिवसभर उभी राहून तिने प्रत्येक आकडा टिपला. संध्याकाळी लिहायला बसली तेव्हा समोर भाऊ नव्हते, पण समोर एक खराखुरा प्रयोग होता. पोती, मोजपट्टी, नोंदी. चोर, आग, सभा यांचे ठीक आहे. पण चाचणी कशी घेतली हे न सांगता 'पूल सुरक्षित' असे पहिल्याच ओळीत लिहायला तिचा हात धजेना. तिने उद्देशापासून सुरुवात केली. बातमी इतकी नेटकी उतरली की तिने ती स्वतःच दोनदा वाचली, आणि खाली दिली.

खाली पान जवळजवळ लागले होते. तेवढ्यात गाद्यांच्या दुकानाची जाहिरात आली. चिमटाकाकांनी जागा मोजली, पुलाच्या बातमीच्या शेवटच्या आठ ओळी चिमट्याने उचलल्या आणि तिथे गाद्या बसवल्या.

शनिवारी सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे पेपर मोठ्याने वाचला. बाबा विमा कंपनीत होते आणि पेपर करारनाम्यासारखा वाचत.

"'पुलावर प्रत्येकी पन्नास किलोची शंभर पोती ठेवण्यात आली. अखेरचे पोते ठेवताच पुलाचा मध्यभाग चार मिलिमीटर खाली गेला.'" बाबा थांबले.

"पुढे?" आईने विचारले.

"पुढे गाद्या आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे 'झोपा निर्धास्त'. गाद्या."

मुलीने पेपर ओढून घेतला. खरेच, पूल खाली गेला होता आणि त्याच्या खाली गादी होती. भार काढताच पूल पुन्हा वर आला, तीस मिलिमीटरपर्यंतचा वाक चालतो, पूल पूर्णपणे सुरक्षित आहे, यातले अक्षरही नव्हते. तिने चपला घातल्या आणि धावत सुटली.

पुलाच्या तोंडाशी निम्मे गाव उभे होते. एक पोलीस माणसांना एकेक करून सोडत होता, तेही ओझे काढून ठेवून. शाळेच्या बाईंनी मुलांना उंचीऐवजी वजनाच्या क्रमाने उभे केले होते. पावविक्याला पोलिसाने अडवले होते.

"वजन किती तुमचं?"

"ते तुला काय करायचंय?"

"मला नाही, पुलाला. पाव ठेवा इथे आणि तुम्ही मागे व्हा."

"मग जाणार कोण? पाव?"

पूल झाल्यापासून काठावर पालथी पडलेली होडी नावाड्याने सुलटी केली होती आणि तो खालून ओरडत होता, "सहा माणसं! फक्त सहा! लेकरं मांडीवर!"

"चार मिलिमीटर म्हणजे केवढं हो?" एका बाईने विचारले.

"असेल वीतभर," तिच्या शेजारचा म्हणाला.

"वीत? माझा मेहुणा तिकडे होता. हातभर म्हणाला."

"अहो, चार मिलिमीटर म्हणजे नखाएवढंसुद्धा नाही!" धावत आलेली ती कळवळून म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत, ताई? पेपरात आलंय."

ती पोलिसाला चुकवून पुलावर चढली.

"अहो बाई!" मागून कोणी ओरडले. "आईबाप आहेत की नाहीत तुम्हाला?"

तिने वळून पाहिले. आईबाप आले होते. आई पदर तोंडाला लावून उभी होती. बाबा हातात डबा घेऊन उभे होते. त्यांची कचेरी पलीकडच्या काठावर होती आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना उशीर होत होता.

पलीकडे कचेरीत इंजिनिअर साहेब संपादकांच्या टेबलावर पेपर आपटत होते. "मी तिला तोंडाने सांगितलं, तीस चालतं म्हणून! तीस! आता मला सकाळपासून विचारतायत, पूल पडला तेव्हा तुम्ही कुठे होतात!"

संपादकांनी चिमटाकाकांना वर बोलावले. काकांनी कापलेल्या आठ ओळी कागदात बांधून आणल्या होत्या. "साहेब, तीस वर्षं मी शेवटून कापतोय," ते म्हणाले. "आजवर शेवटी कधी काही निघालं नव्हतं."

भाऊ गाल बांधून कोपऱ्यात बसले होते. डॉक्टरांनी त्यांना दिवसभर बोलायची मनाई केली होती. त्यांनी एक चिठ्ठी लिहून तिच्याकडे सरकवली. चिठ्ठीतही त्यांनी नियम सोडला नव्हता. पहिली ओळ होती: 'तू गाढव आहेस.' आणि मग: 'सविस्तर वृत्त पुढीलप्रमाणे.' शेवटच्या दोन ओळी मात्र तिला वाचता आल्या नाहीत, कारण तोवर डोळे भरून आले होते.

"हे बघ," संपादक तिला म्हणाले, "खुलासा उद्याच्या अंकात येईल. पण गाव उद्यापर्यंत थांबायचं नाही. आज संध्याकाळच्या आत त्या पुलावर माणसं चालायला लागली पाहिजेत. नाही लागली, तर तुझ्या उमेदवारीचा निकाल मला वेगळा लिहावा लागणार नाही."

कचेरीबाहेर ताज्या बातम्यांचा फळा होता. तिने त्यावर खडूने ठळक लिहिले, 'पूल सुरक्षित आहे.' यावेळी निष्कर्ष आधी होता. नंतर काहीच नव्हते.

फळ्यापुढे गर्दी जमली.

"काल खाली गेला म्हणाले, आज सुरक्षित म्हणतात. रातोरात वर आला काय?"

"असं लिहायची वेळ का आली, ते आधी सांगा!"

"दाबतायत हो प्रकरण."

तासाभरात होडीची रांग दुप्पट झाली. भाऊंनी खिडकीतून ती पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

मग तिने वही उचलली, इंजिनिअर साहेबांना सोबत घेतले आणि पूल ओलांडून पुन्हा गर्दीकडे आली. आवाज मोठा नव्हता तिचा. तरी ती पुलाच्या पहिल्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "बातमी मीच लिहिली होती. शेवट कापला गेला. चूक माझी. शेवट असा होता…" आणि तिने आठ ओळी वाचून दाखवल्या.

कोणी हलले नाही. मग गर्दीतून डबा घेतलेला एक हात वर झाला.

"पोतं पन्नास किलोचं होतं हे कोणी पाहिलं?" बाबांनी विचारले.

"मी," ती म्हणाली. "दहा पोती माझ्यासमोर काट्यावर चढवली."

"कोणती दहा? त्यांनी दिलेली की तू निवडलेली?"

"मी निवडलेली."

"वाळू ओली की कोरडी?"

"कोरडी."

"भार किती वेळ ठेवला?"

"साडेचार तास."

"आणि काढल्यावर पूल होता तिथे आला? अगदी शून्यावर?"

इंजिनिअर साहेब 'हो' म्हणायला पुढे सरसावले. पण तिने वहीत पाहिले. "अगदी शून्यावर नाही, बाबा. पाव मिलिमीटर राहिला. तेवढा फरक मोजपट्टीचाही असू शकतो. पण राहिला."

गर्दीत "राहिला, राहिला" अशी कुजबूज झाली. इंजिनिअर साहेबांनी कपाळाला हात लावला. तिला वाटले, संपले. सोमवारपासून कॉलेज.

बाबांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "पाव राहिला म्हणालीस ते बरं केलंस," ते म्हणाले. "शून्य म्हणाली असतीस तर मी आलो नसतो." आणि ते पायऱ्या चढले.

ते नेहमीच्या चालीने, कठड्याला हात न लावता पुलाच्या मध्यापर्यंत गेले. तिथे क्षणभर थांबून त्यांनी खाली पाण्याकडे पाहिले आणि पुढे चालू लागले. मग पावविक्या म्हणाला, "अरे, हा विमेवाला ना? याने माझ्या भट्टीचा विमा नाकारला होता. धूर जास्त येतो म्हणून!"

"माझ्या सासऱ्यांचा नाकारला. जिना उतरताना धाप लागते म्हणून."

"हा माणूस धोका असेल तिथे सहीसुद्धा करत नाही."

"आणि आता चाललाय!"

एवढे झाल्यावर कोणाला काही सांगावे लागले नाही. पावविक्या पावांसकट चढला, त्याच्यामागे शाळा चढली, तीही वजनाचा क्रम मोडून, पळत. पोलिसाने थोडा वेळ 'एकेक' म्हणून पाहिले आणि मग तोही पलीकडे चहा प्यायला गेला. खाली नावाडी रिकाम्या होडीत उभा राहून वर बघत होता. "ताई," तो खिन्नपणे म्हणाला, "दोन दिवस तरी थांबायचं होतंत."

ती धावत बाबांना गाठायला गेली. बाबा आपल्या कचेरीकडे वळले नव्हते. उशीर झालाच होता, तर तो पुरता करावा असे त्यांना वाटले असावे. ते तिच्या कचेरीचा जिना चढले. या महिन्यात ते तिथे एकदाही आले नव्हते. संपादक खोलीच्या दारात उभे होते, भाऊ गालावर हात ठेवून मागे.

"तू बसतेस कुठे?" बाबांनी विचारले.

तिने खिडकीखालचा जुन्या अंकांचा गठ्ठा दाखवला. उमेदवारांना खुर्ची नसे.

बाबांनी गठ्ठ्याकडे पाहिले, मग संपादकांकडे. "सोमवारी ही कॉलेजात हजर व्हायची होती," ते म्हणाले. "मी त्यांना कळवतो, येत नाही म्हणून. तिथे ही अशी बोलली तर फार तर चार पोरं ऐकतील. तेव्हा तुम्ही हिला एक खुर्ची द्या."

संपादकांनी अजून काहीच ठरवले नव्हते. निदान तसे त्यांना वाटत होते. त्यांनी तोंड उघडले, भाऊंकडे पाहिले. भाऊ बांधलेल्या गालातून "हं" म्हणाले.

चिमटाकाका खालून एक खुर्ची घेऊन आले आणि त्यांनी ती गठ्ठ्याच्या जागी ठेवली. ती पुढे झाली, तसा बाबांनी तिला हाताने थांबवले. डबा टेबलावर ठेवून ते स्वतः खुर्चीत बसले. मागे रेलले. खुर्चीचे दोन्ही हात धरून डावीकडे, उजवीकडे जोर देऊन पाहिले. मग उठले, रुमालाने बैठक पुसली आणि म्हणाले, "हं. बस."