सुजातामावशीची झील

सुजातामावशीशी बोलताना आपलं वाक्य आपल्याला एकट्याला संपवता येत नाही. शेवटचे दोन शब्द ती आपल्याबरोबर म्हणते, आणि तेही सुरात.

"मावशी, लिफ्ट आज पुन्हा बंद पडलीय."

"बंद पडलीय!"

"चार मजले चढायचे म्हणजे जीव जातो."

"जीव जातो!"

नव्या माणसाला वाटतं, ही आपली टिंगल करते आहे. मस्कतच्या अल खौद भागातल्या आमच्या दवाखान्यातले मल्याळी डॉक्टर एकदा गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, शुगर थोडा हाय है." "हाय है!" असा मावशीनं इतक्या उत्साहानं दुजोरा दिला, की रिपोर्ट उलटा धरलाय की काय, ते डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. ती एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात फायली सांभाळते. तिचा अर्बाब, म्हणजे तिथला मालक, ओरडतो, "यल्ला, ये काम आज खलास करो!" आतून खणखणीत आवाज येतो, "खलास करो!" एवढी आज्ञाधारक बाई आपण पाहिली नाही, असं अर्बाब सगळ्यांना सांगतो. काम तिच्या सवडीनं खलास होतं, ते अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही.

मी तिच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा मलाही ही वेंधळेपणाची सवय वाटली. पण ते तिचं शिक्षण होतं. नागपूरकडच्या 'जागृती कन्या गायन पार्टी'त ती झील धरायची. मुख्य गायिका ओळ म्हणते आणि मागे उभ्या असलेल्या बायका त्या ओळीचं शेपूट उचलून पुन्हा म्हणतात, त्याला झील म्हणतात. पुढे छाया उभी राहायची. मागे डावीकडे सुजाता, उजवीकडे तिची चुलत बहीण. एप्रिलमध्ये जयंतीचा उन्हाळा सुरू झाला की तिघी पांढऱ्या साड्या नेसून टेम्पोत बसायच्या आणि गावोगाव गात फिरायच्या. लग्नं झाली आणि पार्टी मोडली. तिच्या नवऱ्याला, मेश्रामकाकांना, मस्कतला इंजिनिअरची नोकरी लागली आणि मावशी डावीकडची जागा तशीच घेऊन ओमानमध्ये आली.

त्यामुळे तिला कशाचीच सुरुवात करता येत नाही. ती फोन लावते आणि गप्प बसते. समोरचा "हॅलो, हॅलो" करून थकला, की मग हिचं बोलणं सुरू. मेश्रामकाका म्हणतात, "आमच्या घरात एकही भांडण तिनं सुरू केलेलं नाही. सुरू मी करतो. संपवते ती."

हे सगळं गमतीचं होतं, पण पार्टीच्या जुन्या हँडबिलाचा फोटो तिनं मोबाइलवर दाखवला आणि माझं डोकं सणकलं. वर मोठ्या अक्षरात 'छाया' आणि खाली बारीक 'आणि पार्टी'. माझे वडील पत्रकं छापायचे. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध' आणि 'बहुसंख्येने उपस्थित राहा' यांवरून. माझ्यासारखीला 'आणि पार्टी' या दोन शब्दांत अख्ख्या बाईजातीचं दडपलेलं नाव दिसलं नसतं तरच नवल.

"मावशी, हे शोषण आहे!"

"शोषण आहे!" मावशी आनंदानं म्हणाली.

तेव्हा यंदाच्या जयंतीला मावशीनं एकटीनं गायचं, असा ठराव मी आमच्या मंडळात मांडला. मस्कतमधल्या आमच्या मंडळात ठराव पास व्हायला वेळ लागत नाही, चहा थंड होऊ नये एवढीच सगळ्यांना काळजी असते. अध्यक्ष ढवळेसरांनी मान डोलावली. फक्त मावशी डोलेना.

"मले नाही जमत बाप्पा सुरुवात कराले. मी मागून घेतो ना."

"मागून का? पुढे या!"

"पुढची जागा छायाची हाय."

"मग छायाताईंनाच बोलावू."

"ते नाही येत." एवढं म्हणून ती डाळीला फोडणी द्यायला उठली.

मी सोडलं नाही. पायऱ्यांवर, पार्किंगमध्ये, खालच्या हमीदभाईंच्या दुकानात, जिथे सापडेल तिथे तिला गाठून समतेचं तत्त्व सांगितलं. हमीदभाई रत्नागिरीचे. माझं सगळं भाषण ऐकून ते म्हणाले, "अगो, त्या बायला कांदे तरी घेव देशील?" मावशी मागून म्हणाली, "घेव देशील!" कोकणी झीलसुद्धा तिनं बिनचूक धरली.

पण माझी चिकाटी फळली. कार्यक्रमाला आठवडा राहिला असताना मावशी दारात येऊन उभी राहिली आणि मी "काय झालं?" विचारल्यावर म्हणाली, "गातो मी." आणि चपला फटफटवत परत गेली. मी त्या दिवशी घरात दोन वेळा स्वतःची पाठ थोपटली.

पुढचा गोंधळ ढवळेसरांनी घातला. रुवीतल्या एका छापखान्यातून त्यांनी बॅनर करून आणला. त्यावर ठळक अक्षरात होतं : सुप्रसिद्ध सोल सिंगर सुजाता मेश्राम.

"सर, सोलो हवं होतं."

"मग एक ओ राहिला."

"ओ राहिला!" मावशी म्हणाली.

"एका ओनं काय बिघडतं?"

"सोल म्हणजे आत्मा, सर! आपण बौद्ध आहोत. आपण आत्मा मानतच नाही. आणि आपल्या जयंतीत, आपल्याच स्टेजवर, आपलीच बाई आत्म्याची गायिका म्हणून उभी करायची?"

ढवळेसर घाबरले. दोन तास चर्चा चालली. कोणी म्हणालं, कंसात 'अनात्मवादी' लिहा. शेवटी मेश्रामकाकांनी खिशातून वायरीला लावायची काळी चिकटपट्टी काढली, दातांनी तोडली आणि खुर्चीवर चढून बॅनरवरच्या 'ल'ला काना-मात्रा लावून टाकला. इंजिनिअर माणूस, वादात पडत नाही.

शुक्रवारी सकाळी हॉल भरला. सोहारहून, इब्राहून गाड्या आल्या होत्या. निवेदन ढवळेसरांच्या मुलीकडे, आर्याकडे होतं. ती इथेच लहानाची मोठी झाली, मराठी ती इंग्रजीतून आणते. सरांनी तिला मजकूर बॅनर दुरुस्त व्हायच्या आधी दिला होता, आणि पोरीनं मेहनत घेऊन त्याचं शुद्ध मराठी केलं होतं. माइकवर येऊन ती गोड आवाजात म्हणाली, "आता आपल्यासमोर येत आहेत... आत्म्याची गायिका!"

पहिल्या रांगेतल्या भंतेजींनी डोळे उघडले. ढवळेसरांनी मिटले. मी खुर्चीतून अर्धी उठले.

मावशी माइकपाशी आली. कोणी काही म्हणावं म्हणून तिनं नेहमीसारखी वाट पाहिली. पण सगळ्या हॉलचे शब्द संपले होते, शेपूट उचलायलाही काही नव्हतं. मग माझ्या ओळखीत पहिल्यांदाच सुजातामावशीनं स्वतःहून एक वाक्य सुरू केलं.

"पोरी, आत्मा आपल्याकडे नसते. गळा हाय. तो ऐका."

हशाला खंड पडायच्या आत तिनं सूर लावला :

"पाटी घे गं बाई, लिही नाव आपुलं..."

त्या आवाजाचं वर्णन मला करता येणार नाही, आणि जो शब्द सुचतो तो तत्त्वात बसत नाही. मागे कोणी नव्हतं. "नाव आपुलं, गं नाव आपुलं" ही झीलही तिनंच धरली. त्यासाठी ती दर वेळी एक पाऊल डावीकडे सरकायची आणि पुन्हा माइकपाशी यायची. लोकांना तो नाचच वाटला. पुढे तो फार गाजला. आता तिला इब्रीपासून सलालापर्यंत बोलावणी येतात. सोहारच्या पोरी गाताना मुद्दाम डावीकडे सरकतात. हमीदभाईंच्या दुकानात तिचा व्हिडिओ चालू असतो आणि गिऱ्हाइकाला ते सांगतात, "आमच्या बिल्डिंगीतली हाय." ढवळेसर तिला अजूनही सोल सिंगर म्हणतात आणि मी अजूनही दुरुस्त करते.

त्या शुक्रवारी मात्र सेल्फीवाल्यांना चुकवून ती लगबगीनं गाडीत जाऊन बसली. मी त्यांच्याबरोबरच आले होते, म्हणून मागच्या सीटवर बसले. दुपारचा दीड वाजला असेल. काकांनी एसी सुरू केला. माझ्या तोंडावर विजय मावत नव्हता.

"बघा काका, पटलं की नाही शेवटी मावशीला माझं?"

काका आरशातून माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसले. "तुझं बरोबरच आहे, बेटा. पण तिला छायानं सांगितलं. मागच्या आठवड्यात. हातानं."

"हातानं म्हणजे?"

मावशीनं व्हिडिओ कॉल लावला होता. पडद्यावर एक बाई आली. पिकलेले केस, पांढरी साडी आणि गळ्याभोवती मऊ कापड गुंडाळलेलं. काका हळूच म्हणाले, "ऑपरेशन झालं गेल्या वर्षी. आवाज गेला."

छायाताईंनी भुवया उडवल्या. मावशी म्हणाली, "झालं वं. उभे राहिले लोक." दुसऱ्या कडव्याचं काय, अशा अर्थानं छायाताईंनी दोन बोटं दाखवली आणि तोंड वाकडं केलं. "हो ना, दुसऱ्या कडव्यात लय पळाली. श्वासच पुरे ना. तू गात होती तेव्हा तुले श्वास घेता यावा म्हणून आम्ही झील देत होतो. आता मले कोण देईन?"

पडद्यावरच्या बाईनं पदर सारखा केला, उजवा हात कानाशी नेला आणि ओठ हलवायला लागली. तोंड पूर्ण उघडून, मान ताठ, हजार माणसं समोर असल्यासारखी. आवाज काहीच नव्हता. ओळ कुठे संपली ते मला कळलं नाही.

मावशीला कळलं. सीटवर थोडी डावीकडे सरकून, डोळे पडद्यावर ठेवून, तिनं हलकेच झील दिली आणि पुढच्या ओळीसाठी थांबली.

काकांनी हात पुढे केला आणि एसी बंद केला. काचा वर होत्या, बाहेर मस्कतचं ऊन होतं. आम्ही दोघं घामानं निथळत, अजिबात आवाज न करता, गाणं संपेपर्यंत तसेच बसून राहिलो.