पाइप चावणारा दाऊद मिस्त्री

दाऊद मिस्त्री पाइप चावून बघायचा. खोटं वाटेल, पण डोळे मिटून, पुढचे दोन दात लोखंडावर टेकवून तो मिनिटभर तसाच उभा राही. तेवढ्यात घरात कुणी खोकलं तरी डोळे वटारी. मग तोंड पुसून निकाल देई, "हवा अटकली."

बेगमपुऱ्यात राहणारा हा माणूस शहराला जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीवर जन्मभर राबलेला. त्याच्या लेखी जगातल्या सगळ्या अडचणींचं कारण एकच. एकदा कसल्याशा कामानं तो अदालतीत आला होता. मुन्सफांसमोर एक साक्षीदार बोलता बोलता गप्प झाला, तर हा मागून मोठ्यानं म्हणतो, "हवा अटकली, साब. जरा हलवा त्याला." मुन्सफसुद्धा हसले. मी हसलो नाही. साक्षीदार माझा होता.

तरीही त्याला घरी बोलवायची पाळी माझ्यावर आलीच. आईचे गुडघे संधिवातानं धरले होते. थंडीत कढत पाण्यानं शेकल्याशिवाय तिला उठवत नसे, आणि जिना उतरणं तर बंदच झालं होतं. म्हणून मी खाली बंब बसवला आणि तिथून माडीवरच्या न्हाणीपर्यंत पाइप नेला. हैदराबादेत एका बंगल्यात तशी सोय पाहिली होती. आखणी माझीच. वाटेत दाराची चौकट आली, तेव्हा पाइप तिच्यावरून चढवून पलीकडे उतरवला. बंब पेटला, खाली पाणी खदखदू लागलं, आणि वर नळ नुसता गुरगुरला, दोनदा थुंकला आणि थंड पडला.

मिस्त्रीनं पाइप चावला आणि चौकटीवर बोट दाखवलं.

"उंटाची पाठ केली तुमी, वकीलसाब. सगळी हवा तिथं चढून बसली, मग पानी जाईल कुठून? नहरीला मनोरे कशाला बांधले? हवा निघायला. इथं एक उभा पाइप द्या. छताच्या वर, तोंड उघडं."

"नव्या भिंतीला भोक पाडू?"

"मग माँसाबला थंड पान्यानं न्हाऊ घाला."

मला झोंबलं. चूक माझी आहे हे कळलं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. ती कबूल करायचं सोडून मी म्हणालो, "मिस्त्री, आईचं सोवळं असतं. तुम्ही तोंड लावलेल्या पाइपाचं पाणी तिला चालायचं नाही."

तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्यानं पाना पिशवीत टाकला, "हौ" म्हणाला आणि गेला. आईला मी विचारलंही नव्हतं.

आठवड्यानं अदालतीतून परतलो तर भिंतीला भोक, छताबाहेर उभा पाइप आणि न्हाणीत वाफच वाफ. आई केस पुसत बसली होती.

"गड्याला पाठवून मीच बोलावलं," ती म्हणाली. "तापल्या पाण्याला कसला रे विटाळ? आणि माझ्या सोवळ्याची वकिली तुला सांगितली कुणी?"

तेव्हापासून दर शुक्रवारी नमाज झाली की मिस्त्री हवा तपासायला येऊ लागला. तपासायचं काही नसे. हवा आपसूक वरून जात होती. पाइपाला दात लावून झाले की तो न्हाणीबाहेरच्या पायरीवर बसे आणि आईशी तास तास बोले. त्याची बायको वारली होती, लेकी लग्न होऊन परभणीकडे गेल्या होत्या. "घरात आवाजच नाय, माँसाब," तो सांगे. "पाइपात निदान काई तरी चालू असतंय."

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. तेराव्यानंतरच्या शुक्रवारी तो नेहमीसारखा आला आणि पायरीवर बसून रडू लागला. मी म्हणालो, "मिस्त्री, आता यायची गरज नाही. नळ ठीक आहे." शेवटच्या वर्षात आई माझ्यापेक्षा त्याच्याशी जास्त बोलली होती. ते मला सहन होत नव्हतं, दुसरं काही नाही.

तो यायचा थांबला. दोन महिन्यांत मी आईविषयी कुणाशी चार शब्द बोललो नाही, आणि मिस्त्रीखेरीज बोलावं असं माणूसही आठवेना. एका सुट्टीच्या दिवशी मी छतावर गेलो, उभ्या पाइपाच्या तोंडात लाकडी बूच ठोकलं, आणि नळ गुरगुरू लागल्यावर गड्याला बेगमपुऱ्याला पिटाळलं.

मिस्त्री आला. दात टेकवले, छतावर जाऊन आला आणि बूच माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे आतून आलेलं नाय, वकीलसाब. हे कुनीतरी ठोकलंय."

मी बूच खिशात टाकलं.

"नुसतं 'या' म्हनला असता, तरी आलो असतो."

त्यानं पिशवी खांद्याला लावली. गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी करत तो जिना उतरला. खाली पोचायला त्याला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात ते एक अक्षर मला म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही.